उधाण आणि वादळ एकाच शनिवार-रविवारी: पाणी कुठपर्यंत येईल, हे कसं ताडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या शनिवार-रविवारी उधाणाची भरती आहे. त्याच दोन दिवसांत कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याजवळून सरकेल, असा अंदाज आहे. घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत आहे. भरतीच्या तक्त्यातला आकडा गेल्या महिन्यातल्या उधाणाएवढाच दिसतो आणि तेव्हा रस्ता कोरडा होता. मग काळजी करावी की नाही?

करावी, पण तक्त्यातल्या आकड्यामुळे नाही. मी पंचवीसेक वर्षं भरतीच्या नोंदी आणि पाण्याच्या पातळीचे अंदाज यांतच घालवली आहेत. लोक तक्ता वाचतात आणि हवामानाचा अंदाजही वाचतात, पण दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचल्यासारखे. पाणी मात्र दोन्हींची बेरीज करून येतं. त्या बेरजेत कोण किती, यापेक्षा कोण कधी, याला जास्त किंमत आहे.

आधी तक्त्याला काय माहीत असतं ते पाहू. एखाद्या बंदरातल्या पाण्याच्या जुन्या नोंदींवरून चंद्र आणि सूर्य यांच्या प्रत्येक चालीचा तिथे किती परिणाम होतो हे काढतात आणि तोच हिशेब पुढे चालवतात. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती, दोन भरत्यांमधलं सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर, हे सगळं त्यात येतं. चंद्राचं अंतरही येतं. चंद्र साधारण ३ लाख ५७ हजार ते ४ लाख ६ हजार किलोमीटर यांच्या दरम्यान असतो आणि भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून अगदी जवळ आलेल्या चंद्राचा जोर अगदी दूरच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट असतो. उधाण आणि जवळचा चंद्र एकत्र आले की आकडा वर सरकतो. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपासही बऱ्याच किनाऱ्यांवर तसंच होतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सर्वांत मोठी भरती बहुतेक ठिकाणी पौर्णिमेच्या दिवशी न येता एक-दोन दिवस उशिरा येते. पौर्णिमा शुक्रवारी असेल तर शिखर शनिवारी-रविवारी. ‘पौर्णिमा तर झाली, आता उतरेल’ हा हिशेब इथे फसतो.

तक्त्याला हवामान मात्र माहीत नसतं. फार तर त्या-त्या ऋतूतली सरासरी पातळी त्यात धरलेली असते. हा शनिवार कसा उजाडणार आहे, ते तक्ता छापणाऱ्याला वर्षभर आधी कसं कळावं?

तक्त्यातला आकडा कशापासून मोजलेला आहे, तेही पाहून घ्या. बहुतेक तक्ते नौकानयनाच्या नकाशावरच्या शून्यापासून मोजतात आणि ते शून्य साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीजवळ असतं. त्यामुळे ‘४.६ मीटरची भरती’ वाचून समुद्र साडेचार मीटर उंच चढून येईल असं वाटण्याचं कारण नाही. उलट जमिनीच्या नकाशावर घराची उंची ५ मीटर दिसली म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण जमिनीचं शून्य वेगळं असतं. व्हेनिसची पातळी आजही १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात. त्यानंतर समुद्र वर आला आणि शहर खचलं, तेव्हा तिथे ‘शून्य’ म्हणजे आजची सरासरी पातळी नव्हे. दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोघांचं शून्य एकच आहे ना, एवढं विचारून घ्यायचं.

आता हवामानाची बाजू. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने, म्हणजे १ मिलिबारने, उतरला की समुद्र सुमारे १ सेंटिमीटर वर येतो. नेहमीचा दाब १०१३ च्या आसपास धरला आणि शनिवारी तो ९८५ होणार असेल, तर वाऱ्याची झुळूकही नसताना पाणी २८ सेंटिमीटर चढलेलं असेल. हा भाग सोपा आणि भरवशाचा आहे.

वाऱ्याचं तसं नाही. वारा पाण्याला ढकलतो तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर ढकलणं चौपट. शिवाय उथळ समुद्रात पाणी जास्त साचतं, खोल समुद्रात कमी. किनाऱ्यापुढे दूरवर उथळ पठार असेल तर मोठं वादळ काही मीटरचा फुगवटा आणू शकतं. किनाऱ्यालगतच तळ खोल उतरत असेल तर तेच वादळ फुगवटा थोडा आणतं, पण लाटा न थकता थेट बांधापर्यंत येतात. वारा समुद्राकडूनच यायला हवा असंही नाही. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारासुद्धा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे. उत्तर गोलार्धात वारा जिकडे वाहतो तिकडे तोंड केलं आणि किनारा उजव्या हाताला आला, तर पाणी तुमच्याकडे येणार. दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला. अंदाजात ‘वारे किनाऱ्याला समांतर’ असं वाचून सुस्कारा सोडणारे मी खूप पाहिले आहेत.

फुगवट्याचा आकडा मोठा म्हणजे पूर मोठा, असं मात्र नाही. २९ ऑक्टोबर २०१२ ला, पौर्णिमेच्याच दिवशी, सँडी वादळ न्यू यॉर्कवर आलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला सुमारे २.८ मीटरचा फुगवटा भरतीच्या शिखराजवळ पोचला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरलं. त्याच संध्याकाळी जवळच, लाँग आयलंड साउंड या खाडीवजा समुद्राच्या पश्चिम टोकाशी किंग्ज पॉइंटला, फुगवटा याहून मोठा होता, साडेतीन मीटरच्याही वर. पण तिथे तो शिखरावर आला तेव्हा ओहोटी होती. तिथली भरती-ओहोटी दोन मीटरहून जास्त फरकाची असल्यामुळे एवढा मोठा फुगवटा बराचसा त्या रिकाम्या जागेत मावला. तोच सहा तास इकडे-तिकडे झाला असता तर पूर भलत्याच ठिकाणी आला असता.

म्हणून मी सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्याकडे भरती आणि ओहोटी यांत फरक किती आहे? फरक चार-पाच मीटर असेल तर वादळ नेमकं भरतीच्या दोन-तीन तासांत आलं तरच धोका, एरवी ते वाया जातं. फरक अर्धा-पाऊण मीटरच असेल तर भरतीची वेळ पाहत बसण्यात अर्थ नाही. तिथे वादळ कधीही येवो, पाणी चढलेलंच असतं. कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात हा फरक १६ मीटरपर्यंत जातो. तिथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश नौदलातल्या स्टीफन सॅक्सबी यांनी १८६८ साली लंडनच्या वर्तमानपत्राला कळवलं होतं, की ५ ऑक्टोबर १८६९ ला अमावास्या, जवळचा चंद्र आणि चंद्राचं विषुववृत्तावर असणं एकत्र येत आहे, तेव्हा समुद्र असाधारण चढेल. नेमक्या त्याच रात्री फंडीवर वादळ आलं, बांध फुटले आणि त्या वादळाला सॅक्सबींचंच नाव पडलं. त्यांचा भरतीचा हिशेब बरोबर होता. वादळ मात्र योगायोगाने आलं होतं, कारण चंद्र वादळं पाठवत नाही. आजही दर मोठ्या उधाणाला ‘सुपरमून’चे जे संदेश फिरतात, त्यांत या दोन गोष्टींची गल्लत असते.

वेळ जुळण्यात एक गुंता आहे. उथळ समुद्रात फुगवट्यामुळे पाण्याची खोली वाढते आणि खोल पाण्यात भरतीची लाट जास्त वेगाने सरकते. म्हणजे भरती तक्त्यापेक्षा जरा लवकर येते. त्यामुळे प्रत्यक्ष पातळी आणि तक्ता यांतला फरक बऱ्याचदा पाणी चढत असतानाच सर्वांत मोठा दिसतो, शिखरावर नाही. आलेखावर दुपारी दोनला ‘तक्त्यापेक्षा १.२ मीटर जास्त’ पाहून लोक तो आकडा पाचच्या भरतीत मिळवतात आणि हादरतात. आम्ही त्याऐवजी त्या भरतीतली प्रत्यक्ष सर्वोच्च पातळी घेतो, तक्त्यातली सर्वोच्च पातळी घेतो आणि दोन्ही थोड्या वेगळ्या वेळी असल्या तरी सरळ वजाबाकी करतो. बांधावरून किती पाणी जाईल, ते या वजाबाकीवरून कळतं.

त्यापुढे लाटा. अंदाजात ‘लाटांची उंची ३ मीटर’ लिहिलेलं असतं, ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तास उभं राहिलं तर एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येते, आणि ती काही शांत मिनिटांनंतरही येऊ शकते. म्हणून बांधावर लाटा पाहायला जाऊ नका असं सांगताना मी आवाज चढवतो, एरवी माझा स्वभाव तसा नाही. शिवाय लाटा फुटत राहिल्या की किनाऱ्यालगत पाण्याची सरासरी पातळीच वर येते. बंदराच्या आत, आडोशाला बसवलेल्या मोजणी यंत्राला हे दिसत नाही. यंत्र म्हणतं सगळं ठीक, आणि उघड्या किनाऱ्यावर पाणी रस्त्यावर.

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. शुक्रवारी वादळ लांबून निघून गेलं, शनिवारी सकाळी ऊन पडलं, वारा पडला, दाब चढायला लागला. फोनवर एकाने विचारलं, आता चालेल ना? मी म्हटलं, चालेल. दुपारच्या भरतीला पाणी बांध ओलांडून आत आलं, निळ्या आकाशाखाली. समुद्रातल्या तरंगत्या यंत्राचा आकडा माझ्या टेबलावरच होता. लाटांची उंची दीड मीटर, पण दोन लाटांमधला काळ १७ सेकंद. मी उंची वाचली आणि काळ सोडून दिला. इतक्या लांब काळाच्या लाटा म्हणजे दूरच्या वादळाने पाठवलेला फुगारा. असा फुगारा दिवसाला हजारेक किलोमीटर चालतो, म्हणजे चार-पाच हजार किलोमीटरवरचं वादळ चार-पाच दिवसांनी तुमच्या दारात येतं. केरळच्या किनाऱ्यावर याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्याचे वेगळे इशारे देते. तेव्हापासून मी आधी काळ वाचतो, मग उंची. काळ चौदा-पंधरा सेकंदांच्या वर असेल आणि उधाण असेल, तर आकाशाचा रंग पाहून काहीही ठरवू नका.

वादळ गेल्यावरचं आणखी एक प्रकरण बंदिस्त समुद्रांत होतं. व्हेनिस ज्याच्या टोकाला आहे त्या एड्रियाटिक समुद्रात वाऱ्याने एका टोकाला साचवलेलं पाणी वारा थांबल्यावर परातीतल्या पाण्यासारखं हिंदकळत राहतं आणि सुमारे २२ तासांनी परत येतं. दुसऱ्या दिवशीच्या भरतीशी ते जुळलं, तर वादळाविनाच पूर. व्हेनिसला ४ नोव्हेंबर १९६६ ला १९४ सेंटिमीटरची पातळी नोंदली गेली, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. वारा इतका वेळ टिकला की मधली ओहोटी झालीच नाही आणि न उतरलेलं पाणी आणखी चढत गेलं. म्हणून ‘वारा किती जोराचा’ याच्याबरोबर ‘किती तास’ हेही विचारा. संथ सरकणारं वादळ दोन भरत्या गाठतं आणि दुसरी बहुधा जास्त नुकसान करते, कारण तोवर पुळण खरवडली गेलेली असते आणि गटारं भरलेली.

पावसाचं थोडक्यात सांगतो. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या नळांची तोंडं भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात किंवा झडपा बंद होतात. तेवढे दोन-चार तास शहराला बाहेर जायला वाट नसते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरती होती. तिथे समुद्र आत आला नव्हता, त्याने फक्त दार बंद केलं होतं. दोन गल्ल्या आत राहणाऱ्याला पाणी समुद्राकडून येताना दिसेलच असं नाही, ते गटाराच्या जाळीतून वर येताना दिसेल.

आता या शनिवार-रविवारसाठी करायचं काय? गुरुवारी तीन दिवसांच्या भरत्यांच्या वेळा आणि उंची एका कागदावर लिहा, रात्रीच्या भरत्यांसकट. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात आणि मोठी भरती पुष्कळदा रात्री येते. मग तुमच्या भागात याआधी रस्त्यावर पाणी आलं त्या दिवशी जवळच्या मोजणी यंत्राने किती पातळी दाखवली होती ते शोधा. हा तुमचा स्वतःचा उंबरठा. समजा तो ५.१ मीटर आहे आणि शनिवारची भरती तक्त्यात ४.६. म्हणजे हातात अर्धा मीटर आहे. आता यंत्राची ताजी नोंद बघा. शुक्रवार सकाळच्या भरतीला पाणी तक्त्यापेक्षा २० सेंटिमीटर वर होतं, तर अर्धा मीटरातले २० गेले, वादळ अजून यायचं असताना. दाब तोपर्यंत ५ हेक्टोपास्कलने उतरला होता आणि शनिवारी आणखी २३ ने उतरणार असेल, तर आणखी २३ गेले. उरले ७ सेंटिमीटर, ते वारा आणि लाटांसाठी. हा कागद घेऊन माझ्याकडे कोणी आलं तर मी म्हणेन, गाडी आजच हलवा. आधीच्या भरतीचा हा फरक म्हणजे माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा आकडा आहे. लागोपाठच्या भरत्यांना तो वाढत चालला असेल, तर अंदाज काहीही म्हणो, तयारीला लागा.

पाणी तक्त्यातल्या मिनिटाला येत नाही, हेही धरून चला. जिथे दिवसाला दोन भरत्या येतात तिथे शेवटच्या तासात पाणी एकूण फरकाच्या सुमारे बाराव्या भागानेच चढतं. फरक ४ मीटर असेल तर शिखराच्या तासभर आधी पाणी शिखरापेक्षा ३३ सेंटिमीटरच खाली असतं. उंबरठा तेवढ्याने ओलांडला जाणार असेल, तर रस्ता तासभर आधी बंद होतो आणि तासभर नंतर उघडतो. भरती पाचला आहे म्हणून पावणेपाचला गाडी काढायला जाल, तर गाडी पाण्यात उभी असेल. खारं पाणी चाकांच्या मध्यापर्यंत जरी आलं तरी ब्रेक आणि वायरिंग यांचं दुखणं मागे लागतं. वाहत्या पाण्यातून गाडी घालू नका, फूटभर पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं. तळघरातला वीजपुरवठा पाणी येण्याआधी बंद करायचा, आल्यावर पाण्यात उतरून नाही.

अंदाजावर किती विसंबायचं? दोन-तीन दिवस आधी वादळ येणार की नाही हे बऱ्यापैकी कळतं, पण कोणत्या तासाला, यात काही तासांची चूक सहज होते, आणि आपला सगळा खेळ तासांचा आहे. व्हेनिसने समुद्राच्या तोंडावर उचलते दरवाजे बसवले आणि ३ ऑक्टोबर २०२० ला ते पहिल्यांदा पुरासाठी वापरले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला अंदाज १२०-१२५ सेंटिमीटरचा होता, दरवाजे उचलण्याची मर्यादा १३०. दरवाजे उचलले नाहीत आणि पाणी १३८ पर्यंत गेलं. पंधरा सेंटिमीटरची चूक म्हणजे आमच्या धंद्यात उत्तम अंदाज, पण चौकात उभ्या असलेल्या माणसाला ते सांगून उपयोग नसतो. म्हणून अंदाजाचा एकच आकडा घेऊ नका. तीन तास पुढे-मागे आणि वीस सेंटिमीटर वर-खाली धरून बघा, तेवढ्यात उंबरठा येतो का.

शनिवार-रविवारबद्दल एक वेगळी काळजी असते, ती समुद्राची नाही. ३१ जानेवारी १९५३ हा शनिवार होता. त्या रात्री उत्तर समुद्रात वायव्येचं वादळ उधाणाच्या भरतीशी जुळलं. नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली, इंग्लंडमध्ये ३०७. डच रेडिओ रात्री बंद असे आणि कचेऱ्या सुट्टीमुळे रिकाम्या होत्या. इशारा निघाला होता, पण तो घ्यायला कोणी जागं नव्हतं. ५ डिसेंबर २०१३ ला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी पाणी १९५३ एवढं किंवा त्याहून वर चढलं, आणि तरी त्या मानाने जीवितहानी नगण्य झाली, कारण बांध उंच झाले होते आणि लोकांना आधीच हलवलं होतं. तुमच्याकडे रविवारी पहाटे तीनची भरती मोठी असेल, तर इशारा कोणाच्या फोनवर येणार आणि तो फोन चालू असणार का, हे शनिवारी संध्याकाळीच ठरवा.

गेल्या महिन्यात तेवढ्याच आकड्याला रस्ता कोरडा होता, तो बहुधा दाब चढा होता किंवा वारा जमिनीकडून होता म्हणून. तेव्हा पाणी तक्त्यापेक्षा खालीसुद्धा असेल. त्या दिवसाची नोंद काढून बघा. तक्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली निघाली, तर तुमची सुरक्षितता तुम्हाला वाटते त्याहून तेवढीच कमी होती.

आणि सोमवारी पाणी उतरल्यावर गटाराच्या तोंडाच्या झडपा बघून घ्या. वाळू, प्लास्टिक, एखादी फांदी अडकून त्या अर्धवट उघड्या राहतात. पुढचं उधाण पंधरा दिवसांवर असतं आणि तेव्हा वादळ नसलं तरी पाणी त्याच फटीतून आत येतं.